आई, तुम्ही बसा

आई कराडहून स्टुटगार्टला आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. सकाळी आम्ही उठायच्या आत तिची कणीक मळून झालेली असायची. नवरा जेवणानंतर भांड्यांना हात लावायला गेला की ती त्याच्या हातातून ताट काढून घ्यायची. "जावईबापूंनी भांडी घासायची? हे गावाकडं कुणाला सांगू नकोस हं," असं मला तीनतीनदा बजावायची. तिच्या लेखी जावई म्हणजे अधिक महिन्यात ज्याला तेहतीस अनारसे वाण द्यायचं तो माणूस. तो चुलीपाशी उभा राहतो ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

तीन आठवडे असे गेले. एका रात्री नवरा मला म्हणाला, "तुझी आई आल्यापासून एकदाही आपल्याबरोबर बसून गरम जेवलेली नाही." मी जरा चमकलेच. खरंच होतं ते. शेवटची पोळी तव्यावरून उतरवून, सगळ्यांना हवं-नको विचारून, आमची ताटं उचलल्यावर ती कोपऱ्यात बसायची आणि निवलेलं खायची. मी लहानपणापासून तिला असंच जेवताना पाहिलं, त्यामुळे मला त्यात काही दिसलंच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी आमच्या घरात आलेल्या परक्या मुलखातल्या माणसाला ते दिसलं.

त्याने ठरवलं, येत्या रविवारी सगळा स्वयंपाक तो करणार. त्याचे आईवडील, बहीण, मेहुणा, भाचे सगळ्यांना बोलवायचं आणि आईने टेबलाशी बसायचं. पदार्थही त्यानेच ठरवला, लिन्झन मित श्पेट्सले, म्हणजे आंबटसर मसूर आणि त्यासोबत अंड्याच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया. त्याचं बालपण ज्या श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखात, गेलं तिथला हा घरोघरचा पदार्थ. जर्मनी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे सॉसेज आणि बीअर येते. पण या कोपऱ्यात मसूर रोजच्या जेवणातला आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

अडचण एकच होती. मसुरात धुरावलेलं डुकराचं मांस, म्हणजे श्पेक, घालायची पद्धत आहे. शिवाय वर डुकराच्या मांसाची लांब बारीक सॉसेजं ठेवतात. आई अंडी, मासे, मटण खाते, पण डुक्कर आणि गाय नाही. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. श्पेकशिवाय मसुराला चव कुठून येणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. नवरा एवढंच म्हणाला, "आई खात नाही म्हणजे पातेल्यात पडणार नाही. ज्यांना हवा त्यांच्यासाठी वेगळ्या तव्यात परततो." मग त्याने दोन लाकडी डाव काढले आणि मसुराच्या डावाच्या दांड्याला हिरवं रबरबँड गुंडाळलं, घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून. तो डाव अजून आमच्या खणात तसाच आहे. मी रबरबँड काढलेलं नाही.

रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे सगळं शनिवारी आणावं लागतं. आम्ही तिघं बाजारात गेलो. मार्क्टप्लाट्सवर शनिवारी भाजीवाले बसतात, आणि जवळच १९१४ साली बांधलेली मार्क्टहाले आहे, उंच काचेच्या छताची मंडई. आईला ती फार आवडली. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जोडशहरं आहेत असं मी तिला तिथेच सांगितलं, तर ती म्हणाली, "मग क्रॉफर्ड मार्केटची धाकटी बहीणच की ही." गाजर, सेलरीचा गड्डा आणि लीकची पात अशी सूपची जुडी इथे एकत्र बांधून मिळते, ती घेतली. आईसाठी कोंबडीची सॉसेजं घेतली. मसूर मात्र नवऱ्याने आधीच आणून ठेवला होता, श्वेबिश आल्ब पठारावरचा.

रात्री आईने तो मसूर ताटात ओतून घेतला. "उद्या बसायचं आहे ना, आज तरी निवडू दे." नवरा हसला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. दोघं ताटाच्या दोन बाजूंनी दाणे सरकवत होती. थोड्या वेळाने आईने एक दाणा चिमटीत धरून दिव्यासमोर नेला. "हा सातू कुठनं आला यात?"

त्या एका दाण्यावरून तासभर गोष्टी झाल्या. मी दुभाषी. आल्ब म्हणजे चुनखडीचं पठार. माती उथळ, खडकाळ, पाणी झिरपून खाली जातं. मसुराचं रोप नाजूक, वाऱ्यापावसात आडवं होतं, म्हणून तिथले शेतकरी मसुराबरोबर सातू किंवा ओट पेरतात. मसूर त्याच्या ताटाला धरून उभा राहतो. दोन्ही एकदम कापतात आणि मग चाळून वेगळे करतात. चाळणीतून एखादा सातू सुटतोच. आई म्हणाली, "आपण ज्वारीत तूर पेरतो, पण ती बापडी स्वतःच्या पायावर उभी असते."

पुढची गोष्ट मला स्वतःला फार जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्बवरचा मसूर हळूहळू पेरेनासाच झाला. मेहनत जास्त, उतारा कमी, बाहेरून स्वस्त मसूर यायला लागला. जुनी स्थानिक वाणंही गेली. १९८०च्या दशकात लाउटेराख गावच्या वोल्डेमार मामेल या शेतकऱ्याने पुन्हा मसूर लावायला सुरुवात केली, पण बी परदेशी वाणाचं होतं. आल्बचं अस्सल बी कुठेच मिळेना. ते शेवटी २००६ मध्ये सापडलं रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाण्यांच्या साठ्यात. तिथून आलेले मूठभर दाणे वाढवत वाढवत पुन्हा शेतं उभी राहिली. श्वाबी बोलीत मसुराला लाईसा म्हणतात, म्हणून पाकिटावर नाव आल्ब-लाईसा.

नवऱ्याने त्याच संस्थेची आणखी एक हकीकत सांगितली. १९४१ पासून जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला होता, तेव्हाचं नाव लेनिनग्राड. लाखो माणसं उपासमारीने गेली. संस्थेतले शास्त्रज्ञ धान्याच्या पोत्यांमध्ये बसून होते. त्यांच्यातले कितीजण भुकेने मेले, पण बी खाल्लं नाही. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता. वेढा घालणारे त्याच्या देशाचे होते, आणि त्याच शहराने त्याच्या गावाचं बी जपून ठेवलं होतं. मी मराठीत सांगून संपवलं. आई काही बोलली नाही. खाली वाकून तिने टेबलाखाली सांडलेले चारपाच दाणे वेचले आणि ताटात टाकले.

रविवारी सकाळी नऊ वाजता नवऱ्याने मसूर चढवला. हा बारीक मसूर भिजवावा लागत नाही. कांदा, गाजर, सेलरी, लीक बारीक चिरून लोण्यात परतलं, त्यावर मसूर, तमालपत्र, दोन लवंगा आणि भाज्यांचं गरम पाणी. मीठ नाही, आंबट तर नाहीच. आई दारात उभी राहून बघत होती. "आंबट कधी घालणार?" तिने विचारलं. अगदी शेवटी, मसूर मऊ झाल्यावर, असं त्याने हाताने दाखवलं. आईची मान डोलली. डाळ शिजायच्या आत चिंच पडली की ती टणक राहते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. इथे चिंचेच्या जागी व्हिनेगर, एवढाच फरक.

"आई, तुम्ही बसा," नवरा म्हणाला. त्याचं मराठी मोजकं आहे, पण हे वाक्य त्याने आठवडाभर घोकलं होतं.

ती बसली, पण खुर्ची ओट्याजवळ ओढून घेऊन.

श्पेक नसल्याची उणीव भरून काढायला त्याने पीठ नेहमीपेक्षा जास्त भाजायचं ठरवलं. लोण्यात कांदा तांबूस होईपर्यंत आणि मग गव्हाचं पीठ, मंद आचेवर, सतत हलवत. आधी पांढरं, मग वाळूसारखं, मग बदामी, आणि शेवटी चिंचोक्याच्या रंगावर येतं. पुढे अर्धं मिनिट जरी गेलं तरी कडवट होतं. घरभर वास सुटला आणि आईचे डोळे एकदम बदलले. कणकेच्या लाडवांसाठी पीठ भाजताना येतो तोच वास. आमची सहा वर्षांची लेक खेळ सोडून धावत आली, "आजी, लाडू?" त्या भाजलेल्या पिठात मसुराचं थोडं पाणी घालून, गुठळी होऊ न देता, ते सगळं पातेल्यात गेलं. रस दाट झाला, तकाकी आली.

मधल्या वेळात सूपसाठी धिरडी झाली. फ्लेडले म्हणतात त्याला: पातळ धिरडी गुंडाळून त्यांच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि वाढताना त्यावर गरम सूप ओतायचं. ते सोपं काम, पटकन उरकलं.

मग श्पेट्सले. माणशी शंभर ग्रॅम पीठ आणि एक अंडं, मुलांना निम्मं. आम्ही सात मोठे, तीन मुलं. त्याने नऊशे ग्रॅम पीठ आणि नऊ अंडी घेतली, मीठ घातलं, पाणी घातलं आणि लाकडी चमच्याने फेटायला लागला. हे पीठ मळत नाहीत, फेटतात. चमचा तळापासून वर ओढायचा, पीठ ताणायचं, पुन्हा खाली. पिठात बुडबुडे यायला लागले की झालं. श्पेट्सले पाडायला इथे एक दाबयंत्र मिळतं, हुबेहूब आपल्या सोऱ्यासारखं, आणि पुष्कळ घरांत तेच वापरतात. पण नवऱ्याच्या घरात फळीच चालते. ती त्याच्या आजीची, तळहाताहून थोडी रुंद, मागे मूठ आणि पुढची कड उतरती केलेली. वर्षानुवर्षं सुरी फिरून ती कड मधोमध झिजली आहे, द्वितीयेच्या चंद्राएवढी कोर गेली आहे. आईने ती हातात घेतली आणि अंगठा त्या खळग्यावरून फिरवला. "किती वर्षं झाली हिला?" साठच्या वर असतील, तो म्हणाला. मग आई मला सांगायला लागली, तिच्या माहेरी उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बायका जमून पाटावर शेवया वळायच्या, खाटेवर वाळत घालायच्या. तो पाटही असाच गुळगुळीत झाला होता, आणि घर मोडलं तेव्हा कुठे गेला कोण जाणे.

साडेबारा वाजता पाहुणे आले, मिनिटाचाही उशीर न करता. सासरे पंचाहत्तरीचे, आयुष्यभर ठोक्याला बारा वाजता जेवलेले. साडेबारा हीच त्यांच्या दृष्टीने मोठी सवलत होती. आणि त्याच वेळी पहिला घाणा बिघडला. नवऱ्याने ओल्या फळीवर पीठ पसरलं, सुरीने पातळ कातरत उकळत्या पाण्यात सोडलं, आणि शेवया वर यायच्या ऐवजी पिंजून गेल्या. पातेल्यात पांढरं गढूळ पाणी आणि चिंध्या. अंडी मोठी होती, पाणी जास्त झालं होतं. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. सासूबाई दारात आल्या, बघितलं आणि काही न बोलता मागे गेल्या. त्यांचं ते न बोलणं मला फार मोलाचं वाटलं.

आई उठली. मला वाटलं, आता ही फळी हातात घेणार. पण तिने फक्त चमचा पिठात बुडवून उंच धरला. पीठ धारेने खाली आलं आणि मध्येच तुटलं. "तार तुटते आहे. सांग त्यांना, अजून दोन मुठी पीठ, आणि मुरू दे. घाई करू नका म्हणावं." मी सांगितलं. त्याने पीठ घातलं, पुन्हा दहा मिनिटं फेटलं, आणि ओलं फडकं टाकून ठेवलं. अर्धा तास. बाहेर दहा माणसांचं टेबल मांडलेलं, आणि आत आम्ही तिघं त्या फडक्याकडे बघत उभे. सूप तेवढ्यात वाढून घेतलं, पण आई सूपलाही बाहेर गेली नाही. "आधी हे जमू दे," म्हणाली.

एक वाजून गेल्यावर तिने पुन्हा चमचा उचलला. या वेळी पीठ चमच्यापासून फळीपर्यंत एकसंध लोंबत राहिलं. नवऱ्याने फळी पाण्यात बुडवली, पीठ कडेला पातळ सरकवलं आणि सुरी चालवली. टक, टक, टक. प्रत्येक वेळी सुरी पाण्यात टेकवायची, नाहीतर पीठ चिकटतं. बारीक, वेड्यावाकड्या, एकीसारखी दुसरी नाही अशा शेवया पाण्यात पडत होत्या, बुडत होत्या आणि मिनिटभरात वर तरंगत होत्या. श्पेट्सले म्हणजे छोट्या चिमण्या, असं इथे सांगतात. झाऱ्याने काढून गरम पाण्यातून निथळायच्या, लोण्यात घोळायच्या, पुन्हा फळी ओली करायची. त्याची लय लागली होती. खांदा, मनगट, सुरी एका तालात. आई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या मांडीवरची बोटं त्याच तालावर हलत होती.

मसुरात शेवटी मीठ, व्हिनेगर आणि चिमूटभर साखर पडली.

पहिलं ताट त्याने आईचं वाढलं. मधोमध श्पेट्सले, बाजूला मसूर, वर लोण्यात तळलेला पावाचा चुरा, कडेला कोंबडीचं सॉसेज. वाफ निघत होती. "आई, तुम्ही बसा," तो पुन्हा म्हणाला, आणि ताट घेऊन स्वतः पुढे निघाला, म्हणजे तिला मागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती बसली, पण हात मांडीवर. सगळ्यांना वाढून होईपर्यंत खाणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. सगळ्यांना वाढून झालं. तरी ती थांबली, कारण नवरा अजून उभा होता. तोही बसला. आता सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सुरुवात केल्याशिवाय कुणी काटा उचलणार नव्हतं, आणि बारा वाजता जेवणारे सासरे दीड वाजता हात जुळवून तिची वाट बघत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच थांबलेत सगळे." तिने काट्याकडे दुर्लक्ष करून चमचा उचलला, शेवया आणि मसूर एकत्र कालवले आणि घास घेतला.

मी उतावीळपणे म्हटलं, "आपल्या चकोल्यांसारखंच लागतं ना?"

तिने घास नीट संपवला. "नाही. चकोल्या डाळीतच शिजतात, त्यांच्या पोटात डाळीची चव जाते. ही दोन्ही वेगवेगळी शिजून ताटात भेटलीत. म्हणून गव्हाची चव वेगळी कळते, मसुराची वेगळी. चांगलं आहे हे." मग जरा थांबून, "आंबट अजून थोडं चाललं असतं."

मी हे भाषांतर करताच सासूबाईंनी व्हिनेगरची बाटली तिच्यापुढे सरकवली. श्वाबी घरांत ती टेबलावर असतेच, ज्याने त्याने आपल्या ताटात घालून घ्यायची. सासूबाईंनी आधी स्वतःच्या मसुरावर धार धरली आणि मग आईच्या हातात बाटली दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मसूर घेतला, आणि वेगळ्या ताटलीतला परतलेला श्पेक कुणीच फारसा घेतला नाही, हे मी मुद्दाम पाहून ठेवलं. आईनेही दुसऱ्यांदा घेतलं. तिने रिकामी ताटं उचलायला हात पुढे केला तेव्हा आमच्या लेकीनेच तिला खांद्याला धरून खाली बसवलं. नणंदेने आणलेला सफरचंदाचा केक कापला तोवर तीन वाजले होते.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. शेजारच्या खोलीत आई मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती, मोठ्याने, कराडपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशी.

"माणशी शंभर ग्रॅम पीठ, एक अंडं. नाही गं, मळायचं नाही, फेटायचं. हाताला रग लागेपर्यंत फेटायचं. आणि तार तुटली तर मुरू द्यायचं." मावशीने काहीतरी विचारलं. "मी कशाला करू? जावईबापूंनी केलं. नऊपासून दीडपर्यंत उभे होते." पुन्हा मावशीचा आवाज. आई थोडी थांबली.

"मी? मी बसले होते की. सगळ्यांच्या आधी वाढलं मला. गरम गरम जेवले."